नाव कुणाचे, चित्र कुणाचे?

पूर्वी दिवाळीच्या फराळाची जाहिरात म्हणजे गल्लीच्या तोंडाशी टांगलेला फळा. 'घरगुती चकली, चिवडा, अनारसे मिळतील' एवढे खडूने लिहिले की काम भागत असे. आता तो फळा फोनमध्ये आला आहे. घरी फराळ करणारी, उटणे आणि पणत्या विकणारी, मराठी अक्षरांचे कप आणि टी-शर्ट छापणारी माणसे इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सॲपवर दुकान मांडून बसली आहेत. खडूच्या फळ्यावर फोटो नव्हता, गाणे नव्हते, बोधचिन्ह नव्हते, आणि तो गल्लीबाहेर कुणाला दिसतही नव्हता. फोनमधल्या फळ्यावर हे सगळे असते आणि तो साऱ्या जगाला दिसतो. १९५७ चा कॉपीराइट कायदा आणि १९९९ चा ट्रेडमार्क कायदा यांची गल्लीतल्या फळ्याशी सहसा गाठ पडत नसे. फोनमधल्या फळ्याशी ती रोज पडते.

मी वकील नाही. सांगलीत वीस-बावीस वर्षे मी लहान दुकानदारांचे हिशेब लिहिले. गेल्या काही वर्षांत हिशेबाच्या कागदांबरोबर दुसरेच कागद माझ्यापुढे येऊ लागले. कुणाला एखाद्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आलेली, कुणाचे पान ऐन वसुबारसेच्या आदल्या दिवशी बंद पडलेले, कुणाच्या बोधचिन्हावर ते काढून देणाऱ्यानेच हक्क सांगितलेला. या मंडळींत लबाड कुणीच नव्हते. त्या कागदांचा अर्थ लावण्यासाठी मी दोन्ही कायदे मुळातून वाचायला घेतले, मग त्यांवरचे निकाल वाचले, आणि पुढे दर सोमवारी प्रसिद्ध होणारे ट्रेड मार्क्स जर्नल चाळण्याचा नेमच पडून गेला. या वाचनातून माझे एक मत बनले आहे. लहान व्यावसायिक अडकतो तो बहुधा दोन निराळे प्रश्न एकच समजल्यामुळे. ते दोन प्रश्न सुटे करून दाखवणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दोन प्रश्न

चिवड्याचा एक पुडा डोळ्यांपुढे आणा. कॉपीराइट, म्हणजे शासकीय मराठीतला प्रताधिकार, त्या पुड्याकडे बघून विचारतो: ही निर्मिती कुणाची? पुड्यावरचे चित्र कुणी काढले, मागचा मजकूर कुणी लिहिला, जाहिरातीतला फोटो कुणी टिपला, मागे वाजणारे गाणे कुणी रचले? हा हक्क निर्मितीबरोबर आपोआप जन्माला येतो. नोंदणी करता येते आणि ती पुरावा म्हणून उपयोगी पडते, पण ती सक्तीची नाही. त्यामुळे 'फोटोवर कुणाचे नाव नव्हते' किंवा 'कॉपीराइटची खूण नव्हती' हा बचाव टिकत नाही. लेखक, कवी, चित्रकार, संगीतकार यांच्या बाबतीत हा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोलाही हीच मुदत लागू झाली आहे.

ट्रेडमार्क, म्हणजे व्यापारचिन्ह, त्याच पुड्याकडे बघून वेगळेच विचारते: हा माल कुणाचा आहे असे गिऱ्हाइकाला वाटेल? नाव, बोधचिन्ह, पुड्याचे रंगरूप हे सगळे यात येते. इथे निर्मितीचा प्रश्न नाही. शब्दकोशातला साधा शब्दसुद्धा योग्य मालावर ट्रेडमार्क होऊ शकतो. नोंदणी १० वर्षांची असते आणि दर वेळी शुल्क भरून ती कितीही वेळा वाढवता येते.

एका प्रश्नाचे उत्तर चोख असले म्हणून दुसऱ्याचे असतेच असे नाही. नावाजलेल्या मसाल्याच्या पुड्यासारखा पुडा तुम्ही स्वतः हाताने, कुठलेही चित्र समोर न ठेवता रंगवलात, तरी गिऱ्हाईक फसण्याजोगे साम्य असेल तर ट्रेडमार्कचा प्रश्न उभा राहतो. उलट एखादी जुनी कंपनी बंद पडली, तिच्या नावाची नोंदणी संपली, तरी तिच्या डब्यावरचे चित्र काढणाऱ्या चित्रकाराचा कॉपीराइट जिवंत असू शकतो.

काही गोष्टी दोन्ही प्रश्नांच्या बाहेर आहेत, हेही सांगितले पाहिजे. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. 'हम हिंदुस्तानी' हे नाटक आणि 'न्यू दिल्ली' हा चित्रपट यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ही गोष्ट स्पष्ट केली. म्हणून अनारशाची कृती कुणाच्या मालकीची नाही. एखाद्या पाककृतींच्या पुस्तकात ती ज्या शब्दांत लिहिली आहे ते शब्द मात्र त्या लेखिकेचे, आणि शेजारचा फोटो तो काढणाऱ्याचा किंवा काढून घेणाऱ्याचा.

उसने चित्र, उसने गाणे

जाहिरातीची घाई असली की माणूस गुगलवर 'दिवाळी फराळ' असे शोधतो आणि पहिला चांगला दिसणारा फोटो उचलतो. सौजन्य म्हणून खाली मूळ मालकाचे नाव टाकले की झाले, अशी समजूत सार्वत्रिक आहे. नाव टाकणे हा शिष्टाचार झाला, परवानगी ती नव्हे. कायद्याने खासगी अभ्यास, समीक्षा, वृत्तांकन अशा कामांसाठी काही मोकळीक ठेवली आहे, पण माल खपवण्यासाठी केलेली जाहिरात सहसा तीत बसत नाही. कॉपीराइटभंगाच्या गुन्ह्याला ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. भंग व्यापारी फायद्यासाठी नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. धंदा करणाऱ्याला ती सवलत मागता येणे अवघड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले आहे.

फोटोत प्रसिद्ध चेहरा असेल तर आणखी एक हक्क आड येतो. तनिष्कच्या दागिन्यांच्या जाहिरातीत अमिताभ आणि जया बच्चन होते. उत्तरेतल्या एका सराफाने त्याच धर्तीचे, त्याच दोघांच्या फोटोचे फलक आपल्या दुकानासाठी लावले. २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला मनाई केली. त्यात कॉपीराइटचा भंग तर झालाच होता, शिवाय स्वतःच्या प्रसिद्धीचा व्यापारी वापर कोण करील हे ठरवण्याचा त्या दोघांचा हक्कही मान्य झाला. आता आवाजाचेही तेच. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने गायक अरिजित सिंग यांचा आवाज तयार करून वापरण्याला मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये मनाई केली. तेव्हा ओळखीच्या नटाच्या आवाजात 'आमचीच चकली घ्या' असे यंत्राकडून वदवून घेणे गमतीचे वाटले तरी गमतीत सुटणारे नाही.

गाण्याचा गुंता याहून मोठा आहे, कारण एका गाण्यात तीन हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. तुकाराममहाराजांचा अभंग सगळ्यांचा आहे. पण त्याला विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराने लावलेली चाल त्या संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राखीव राहते, आणि ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे. १९६४ सालापर्यंत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिकांची मुदत २०२४ अखेर संपली, एवढ्यावरून ते गाणे मोकळे झाले असे धरू नये. शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. 'तीस सेकंदांपर्यंत चालते' हा तर निव्वळ प्रवाद आहे, आपल्या कायद्यात तशी सवलत कुठेही नाही. इन्स्टाग्रामवर व्यावसायिक खाते उघडले की चित्रपटगीतांचा मोठा संग्रह दिसेनासा होतो. अनेकांना ती तांत्रिक अडचण वाटते आणि ती टाळण्यासाठी ते वैयक्तिक खात्यावरून जाहिरात करतात. कारण साधे आहे: कंपन्यांनी दिलेली परवानगी हौसेच्या वापरापुरती असते, विक्रीच्या वापरासाठी नसते.

कप, टी-शर्ट आणि दैनंदिनी यांवर मराठी कवितेच्या ओळी छापण्याचा धंदा अलीकडे बहरला आहे. त्यांच्यासाठी हिशेब असा. केशवसुत १९०५ साली गेले, बालकवी १९१८ साली. त्यांच्या प्रसिद्ध झालेल्या कविता केव्हाच मोकळ्या आहेत. बा. भ. बोरकर १९८४ साली गेले, म्हणजे २०४४ अखेरपर्यंत त्यांच्या कवितेला हात लावण्यापूर्वी हक्कदारांची परवानगी हवी. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत. बहिणाबाई चौधरींचा हिशेब जरा वेगळा. त्या १९५१ साली गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने १९५२ साली आली. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या साहित्याची ६० वर्षे प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. म्हणून त्या संग्रहातली गाणी २०१२ अखेर मोकळी झाली. पण एखाद्या आधुनिक सुलेखनकाराने त्याच ओळी देखण्या अक्षरांत काढल्या असतील, तर ओळी मोकळ्या आणि अक्षरचित्र राखीव. राजा रविवर्मा १९०६ साली गेले. त्यांची लक्ष्मी पणतीच्या खोक्यावर खुशाल छापावी. त्या लक्ष्मीवरून आजच्या चित्रकाराने बेतलेले नवे चित्र मात्र त्याला विचारल्यावाचून घेऊ नये.

पैसे दिले म्हणजे आपले झाले?

उसनवारी नको म्हणून पैसे देऊन काम करून घेणारेही अडकतात. कायद्याचा मूळ नियम असा की निर्माता हाच पहिला मालक. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेले काम मालकाचे असते. फोटोच्या बाबतीतही, दुसरा करार नसेल तर, मोबदला देऊन काढवून घेणारा पहिला मालक ठरतो. बोधचिन्ह, पुड्याची सजावट, जाहिरातीचा मजकूर या गोष्टी बाहेरच्या माणसाकडून करून घेतल्या, तर मालकी आपोआप आपल्याकडे येते असे गृहीत धरता येत नाही. तुमच्याकडे असते ती काम पोचल्याची आणि पैसे दिल्याची पावती. मालकी हस्तांतरित होण्यासाठी त्या माणसाची सही असलेला लेखी कागद लागतो.

त्या कागदातही एक खाच आहे. हस्तांतराच्या करारात मुदत लिहिली नाही, तर कायदा ती ५ वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नाही, तर तो भारतापुरता धरतो. म्हणजे २०२० साली हौसेने करून घेतलेले, करारही केलेले बोधचिन्ह मुदतीच्या एका ओळीअभावी २०२५ साली पुन्हा त्या चित्रकाराकडे जाऊ शकते, आणि अमेरिकेतल्या मराठी घरांना पाठवलेल्या फराळाच्या खोक्यावर ते मुळातच चालत नाही. 'हे काम, यातले सर्व हक्क, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, सर्व जगासाठी, इतक्या रुपयांत' असे एक वाक्य, तारीख आणि सही एवढ्याने हा धोका टळतो. कागद करताना चित्रकाराची बाजूही विसरू नये. त्याला योग्य दाम मिळाले पाहिजे, आणि हस्तांतरानंतरही कामाची विटंबना झाली तर हरकत घेण्याचा त्याचा हक्क कायदा राखून ठेवतो.

दागिने, रांगोळीचे साचे, छापील कापड करणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे. डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्याजोगे डिझाइन नोंदवले नाही आणि त्याच्या ५० हून अधिक प्रती यंत्राने किंवा साच्याने काढल्या, तर त्यावरचा कॉपीराइट संपतो. नोंदणी करायची, तर डिझाइन आधी कुठेही जाहीर झालेले असता कामा नये. नव्या ठुशीचा फोटो अर्ज करण्यापूर्वीच इन्स्टाग्रामवर टाकला, की तो आपणच आपल्याविरुद्धचा पुरावा होतो. क्रम महत्त्वाचा: आधी अर्ज, मग फोटो.

नाव ठेवताना

आता दुसरा प्रश्न, नावाचा. पहिला मोह असतो मालाचे वर्णनच नाव म्हणून घेण्याचा. 'खुसखुशीत चकली', 'शुद्ध तूप लाडू' ही नावे गिऱ्हाइकाला लगेच कळतात. पण ती कुणालाही वापरता यायला हवीत, म्हणून सामान्यतः नोंदली जात नाहीत. देवधर्माच्या नावांवरही मक्तेदारी मिळवणे कठीण. अगरबत्तीसाठी 'रामायण' हे नाव नोंदवण्याचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१५ साली फेटाळला गेला. मालाशी संबंध नसलेले, कानाला नवे वाटणारे नाव सुरुवातीला परके वाटते, पण राखायला तेच सोपे जाते.

दुसरा मोह नावाजलेल्या नावाच्या जवळ जाण्याचा. अक्षर बदलले, शब्द फिरवला की सुटलो, असे लोकांना वाटते. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली नावांची फोड करण्याऐवजी साध्या, अर्धवट आठवणीवर विसंबणाऱ्या गिऱ्हाइकाच्या कानांनी ती ऐकली, आणि ती फसगत करण्याइतकी सारखी मानली. पुड्याच्या रूपाबद्दल पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या १९७२ च्या निकालात असाच विचार आहे. गिऱ्हाईक दोन पुडे शेजारीशेजारी ठेवून फरक मोजत नाही. एकदा पाहिलेल्या पुड्याची ढोबळ आठवण घेऊन ते दुकानात येते. फोनच्या बोटभर पडद्यावर ही आठवण आणखी ढोबळ होते.

तिसरी समजूत अशी की ज्याची नोंदणी त्याचे नाव. तिरुनेलवेलीच्या 'इरुट्टुकडै' हलव्याची गोष्ट इथे उपयोगी आहे. तमिळमध्ये या नावाचा अर्थ अंधारे दुकान. विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आलेल्या या दुकानाच्या नावावर दुसऱ्याने नोंदणीच्या आधारे हक्क सांगितला. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आधीपासून सलग वापरणाऱ्याचा हक्क नंतरच्या नोंदणीहून वरचढ आहे. घरगुती व्यवसायाला हा मोठाच दिलासा आहे. पण तो पुराव्यावर उभा राहतो. पहिली बिले, पहिल्या ऑर्डरींचे निरोप, छापखान्याची पावती, तारखेसह फोटो हे सगळे जपून ठेवले तर तो दिलासा, नाही तर नुसती आठवण.

तरीही नोंदणी करावी असे मी सांगते, कारण नंतर भांडण्यापेक्षा ती स्वस्त पडते. व्यक्ती, नवउद्योग आणि लघुउद्योग यांच्यासाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. मालाचे आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत. मसाले आणि पापड ३० मध्ये, लोणची २९ मध्ये, उटणे आणि अगरबत्ती ३ मध्ये, मेणबत्त्या ४ मध्ये, दागिने १४ मध्ये, तयार कपडे २५ मध्ये. मसाल्यासाठी घेतलेली नोंदणी लोणच्याला आपोआप लागू होत नाही. अर्ज तपासला गेला की नाव जर्नलमध्ये छापले जाते आणि त्यावर ४ महिन्यांत कुणालाही हरकत घेता येते. ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर नावाचा शोध विनामूल्य घेता येतो. हजार पिशव्या छापण्यापूर्वी तिथे अर्धा तास घालवावा. तो शोध देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्हीकडे, आणि सारख्या उच्चारांचाही करावा.

नावाच्या शेजारी 'टीएम' ही अक्षरे कुणीही लावू शकतो. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झालेल्यानेच लावायचा. अर्ज केला म्हणून तो लावणे हा खोटा दावा ठरतो आणि त्याला दंड आहे.

जाहिरातीत दुसऱ्याच्या नावाचा उल्लेख करायलाच बंदी आहे, असे नाही. 'अमुक कंपनीच्या मिक्सरला बसणारे भांडे' ही प्रामाणिक माहिती आहे. 'अमुक कंपनीसारखाच' म्हणत तिच्या लौकिकावर स्वार होणे किंवा तिचा माल हिणवणे, हा भंग ठरू शकतो. गुगलच्या जाहिरातीसाठी स्पर्धकाचे नाव शोधशब्द म्हणून घेण्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले की तेवढ्याने भंग होत नाही. गिऱ्हाइकाची दिशाभूल होते का, यावर ते ठरते. 'फर्स्ट कॉपी' म्हणून घड्याळे किंवा पर्स विकणाऱ्यांना मात्र हा आधार नाही. तो शब्द म्हणजे स्वतःच्या हाताने लिहिलेली कबुली आहे.

गावाचे नाव, महाराजांचे नाव

काही नावे एका माणसाची नसतातच. भौगोलिक मानांकन मिळालेले नाव त्या प्रदेशातल्या उत्पादकांच्या समूहाचे असते. पैठणी, सोलापुरी चादर, सांगलीची हळद, कोल्हापूरचा गूळ, गोव्याची फेणी आणि बेबिंका ही अशी नावे. हापूसला २०१८ साली मानांकन मिळाले ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. दुसऱ्या राज्यातला आंबा देवगड म्हणून विकणे ही आता नुसती बाजारातली चलाखी राहिलेली नाही. कायद्याने तो भंग आहे. कोल्हापुरी चपलेचे २०१९ चे मानांकन महाराष्ट्रातल्या ४ आणि कर्नाटकातल्या ४ जिल्ह्यांना मिळून आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला दाखवल्या तेव्हा गदारोळ झाला, आणि प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे कंपनीने मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका मात्र जुलैत फेटाळली गेली, कारण हा दावा मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांनी आणायचा असतो. या आठ जिल्ह्यांत चपला करणाऱ्याने यातून घ्यायचे ते हे: अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली स्वतंत्र नोंद करून घ्यावी. मग नाव वापरण्याचा हक्क केवळ परंपरेवर अवलंबून राहत नाही.

महाराष्ट्रात सर्रास मोडला जाणारा एक नियम १९५० च्या चिन्हे व नावे यांच्या गैरवापराला प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात आहे. छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावे व चित्रे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी किंवा ट्रेडमार्क म्हणून वापरता येत नाहीत. दिनदर्शिकेवरच्या चित्राला सवलत आहे, तीही त्यावर फक्त निर्माता आणि मुद्रक यांची नावे असतील आणि तिने मालाची जाहिरात केली नसेल तर. महाराजांबद्दलची भक्ती कितीही खरी असो, लाडवाच्या डब्यावर त्यांचे चित्र छापणे ही जाहिरातच होते. 'खादी' हा शब्दही असाच जपून वापरावा. तो खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या नावे नोंदलेला आहे, आणि गिरणीच्या कापडाच्या कुर्त्याला तो लावणाऱ्यांवर आयोगाने कारवाया केल्या आहेत.

तक्रार आली तर

प्रत्यक्षात लहान व्यावसायिकाला न्यायालय क्वचितच दिसते. त्याच्यापुढे येते ती फोनवरची चार ओळींची सूचना. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखी तक्रार आल्यावर संकेतस्थळाने ३६ तासांत तो मजकूर दिसण्याचे थांबवायचे असते, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो परत दाखवता येतो. बऱ्याच मोठ्या कंपन्या अमेरिकन असल्याने तिथल्या १९९८ च्या कायद्याची रीत चालवतात: मजकूर आधी काढायचा, दुसऱ्या बाजूने प्रतिदावा केला आणि तक्रारदार न्यायालयात गेला नाही, तर १० ते १४ कामाच्या दिवसांत तो परत आणायचा. वारंवार तक्रारी आल्या तर खातेच बंद होते. दिवाळीच्या तोंडावर ही मुदत फार मोठी आहे. तक्रार खोटी निघाली तरी तोवर सगळा हंगाम निघून गेलेला असतो, भाजणी आणि तूप यांत घातलेले पैसे अडकलेले असतात.

म्हणून सूचना आली की पहिले काम म्हणजे ती नीट वाचणे. तक्रार कॉपीराइटची आहे की ट्रेडमार्कची? कॉपीराइटची असेल तर 'माझे नाव नोंदलेले आहे' हे उत्तर गैरलागू, आणि ट्रेडमार्कची असेल तर 'फोटो मी काढला आहे' हे उत्तर गैरलागू. चुकीच्या प्रश्नाला दिलेली बरोबर उत्तरे मी किती तरी पाहिली आहेत. आपली बाजू पडकी असेल तर मजकूर ताबडतोब काढावा, तक्रारदाराला नम्रपणे कळवावे आणि विषय मिटवावा. बाजू पक्की असेल तर घाबरून खाते सोडू नये. निराधार धमक्यांविरुद्ध दाद मागण्याची सोय दोन्ही कायद्यांत आहे. पैशाची मागणी किंवा न्यायालयाची तारीख आली तर मात्र वकिलाकडेच जावे. हा लेख त्याची जागा घेऊ शकत नाही.

मी माझ्याकडे येणाऱ्यांना एक स्वतंत्र वही घालायला सांगते. डाव्या पानावर जाहिरातीतली प्रत्येक गोष्ट: फोटो, गाणे, ओळ, बोधचिन्ह, नाव. उजव्या पानावर ती कुठून आली, कुणी केली, परवानगीचा कागद कुठे आहे आणि नाव प्रथम कोणत्या तारखेला वापरले. जिथे उजवे पान कोरे राहते, ती गोष्ट जाहिरातीत घालायची नाही. रोजमेळ लिहिणाऱ्या घरांना यात नवे काही शिकायचे नसते. दुसऱ्याचे देणे जमेत धरायचे नाही आणि आपले येणे विसरायचे नाही, हा हिशेबाचा जुनाच नियम आहे. फरक इतकाच की इथे देण्याघेण्यात शब्द, सूर, रंग आणि नावे असतात. ज्या बाईने स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या उजेडात, स्वतःच्या चकलीचा फोटो काढला आणि तारखेसह जपून ठेवला, तिचे निदान फोटोपुरते तरी उजवे पान भरलेले आहे.